पक्षी आणि आपण यांच्यातलं अंतर

25 नोव्हेंबर 1997च्या सकाळी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात, एक बुटकं घुबड उघड्या फांदीवर बसलेलं दिसलं. तो वनपिंगळा होता. 1884 नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. मधली 1914ची एक नोंद रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावर होती, पण ती त्याने दुसऱ्याने जमवलेला नमुना स्वतःचा म्हणून दाखवून रचलेली होती. हे ज्यांनी उघडकीला आणलं त्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन याच बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या सकाळी रानात होत्या. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने 1880च्या दशकात याच खानदेशात हे पक्षी मिळवले होते ते बंदुकीने. 1997मध्ये व्हिडिओ आणि छायाचित्रं एवढा पुरावा पुरला. पक्ष्याला कुणी हात लावला नाही, आणि 113 वर्षं हरवलेला पक्षी जिवंत असल्याचं जगाने मान्य केलं.

सालिम अलींच्या पिढीपर्यंत पक्ष्याची ओळख पक्की करायची तर तो अनेकदा मारून हातात घ्यावा लागे. भिंगांनी ती गरज संपवली. दुर्बीण, स्कोप, लांब पल्ल्याची लेन्स आणि या सगळ्यांना स्थिर धरणारा ट्रायपॉड यांचं पक्षिनिरीक्षणातलं खरं काम एकच: पक्षी जिथे आहे तिथेच राहू देऊन त्याला आपल्या डोळ्यांपर्यंत आणणं. हे पुस्तक त्या साधनांविषयी आहे, आणि ज्यांना ती जपून, हिशेबाने घ्यायची आहेत त्यांच्यासाठी आहे.

नव्याने पक्षी बघू लागलेला प्रत्येकजण विचारतो, ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ मी उलट विचारतो, तुम्ही पक्षी कुठे बघता आणि तिथे तो तुम्हाला किती जवळ येऊ देतो? किती पैसे आहेत हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्या नेहमीच्या जागेवरचं अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याचे पैसे सहसा वाया जात नाहीत. ते ठाऊक नसताना घेतलेलं महागडं साधन कपाटात पडून राहतं.

महाराष्ट्रात हे अंतर जागोजागी बदलतं. ताम्हिणी, कर्नाळा किंवा गोव्यातलं बोंडला इथे झाडी दाट असते. पक्षी पंधरा-वीस मीटरवर असतो, पण पानांआड आणि सावलीत. जूनमध्ये झुडपाखालच्या पाचोळ्यात नवरंग उड्या मारत असतो, तेव्हा अंतराची अडचण नसते, उजेडाची असते. सासवडच्या किंवा सोलापूरच्या माळावर उलटं. उजेड भरपूर, आडोसा काहीच नाही, आणि चालत जाणारा माणूस दिसला की धाविक किंवा पखुर्डी दूर सरकते. तेच पक्षी उभ्या गाडीला मात्र बऱ्यापैकी सहन करतात. म्हणून माळावर गाडीची खिडकी हाच ट्रायपॉड. तांदूळ किंवा ज्वारी भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या काचेवर ठेवली की तीन किलोची लेन्सही तिच्यावर मुकाट बसते. ही बीनबॅग घरच्या शिलाई मशीनवर तासाभरात होते. प्रवासात ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर दुकानातून धान्य घेऊन भरावी.

आणि तिसरी जागा पाण्याची. उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण, नांदूर मधमेश्वर, ठाण्याची खाडी, अलिबागजवळचा आक्षीचा किनारा. इथे पक्षी शेकड्यांनी असतात आणि बहुतेक सगळे दूर. आक्षीला ओहोटी लागली की पुळणीच्या पार कडेला टिलवे, चिखले, तुतारे ठिपक्यांसारखे पळत असतात. नुसत्या डोळ्यांनी सगळे सारखे, दुर्बिणीतून थोडे वेगळे, आणि स्कोपमधून पाहिलं की पायांचा रंग दिसतो. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट हिरवे. त्या दोन रंगांतला फरक शंभर मीटरवरून दिसणं किंवा न दिसणं, एवढ्यावर ओळख अवलंबून असते. पट्टकादंबांचंही तसंच. मंगोलियात गळ्यात पट्टा चढवलेले काही पक्षी हिवाळ्यात भारतात दिसले आहेत. त्या पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली तर एका पक्ष्याचा हिमालय ओलांडून झालेला प्रवास नोंदवला जातो. जवळ जाऊन ती वाचायचं म्हटलं तर थवा उठतो, आणि दिवसभरात त्याने साठवायची ताकद उडण्यात खर्च होते.

जागा कोणतीही असो, पहिले पैसे दुर्बिणीवरच घालावेत. याबाबत माझं मत ठाम आहे. कॅमेरा घेतलेला माणूस पक्षी टिपतो, दुर्बीण घेतलेला आधी पक्षी बघतो. ओळखायला शिकायचं तर आधी बघावं लागतं. दुर्बिणीवर 8x42 किंवा 10x50 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. 8x42ची ती सव्वापाच मिलिमीटर, 10x42ची 4.2. झुंजुमुंजूला किंवा कर्नाळ्याच्या सावलीत हा एका मिलिमीटरचा फरक स्पष्ट जाणवतो. शिवाय पट कमी तितका दृश्याचा घेर मोठा, त्यामुळे फांदीवरून फांदीवर उडणारा पक्षी चटकन सापडतो. जंगलासाठी 8 पट, पाणवठ्यासाठी 10 पट असा माझा सल्ला. एकच घ्यायची असेल तर 8. चष्मा असणाऱ्यांनी आयपीसपासून डोळ्यापर्यंत किती अंतर चालतं ते विचारावं. पंधरा-सोळा मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसत नाही. ऑलिंपसची 10x50 डीपीएस किंवा निकॉनची अक्युलॉन यांसारख्या जुन्या धाटणीच्या पोरो दुर्बिणी दिसायला ओबडधोबड असतात, पण त्याच किमतीच्या सडपातळ रूफ दुर्बिणींपेक्षा त्यांतलं चित्र बहुधा चांगलं असतं. पोरो प्रिझमची रचना कमी खर्चात नीट बनवता येते, हे त्याचं कारण. पाऊस मात्र या साध्या मॉडेलना सोसत नाही. झूम होणाऱ्या दुर्बिणी, आणि ‘शंभर पट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका डोळ्याच्या नळ्या, यांपासून लांब राहा.

आता कॅमेरा. कमी बजेटच्या पक्षिनिरीक्षकाचं जग 2015मध्ये बदललं, निकॉनचा कूलपिक्स पी 900 आला तेव्हा. 83 पट झूम, म्हणजे जुन्या 35 मिमी फिल्मच्या हिशेबात 24 ते 2000 मिमी, आणि वजन एक किलोच्या आत. 2018ला पी 1000 आला, 3000 मिमीपर्यंत, जवळपास दीड किलोचा. 2020ला पी 950, कॅननचा एसएक्स 70 त्याआधी 2018चा, 1365 मिमीचा. हा पल्ला म्हणजे नेमकं काय, ते एका चिमणीवरून बघू. चिमणी साधारण 15 सेंटिमीटरची. ती 20 मीटरवर बसली आहे. 600 मिमीच्या पल्ल्यात ती चित्राच्या रुंदीचा आठवा भाग व्यापते, 2000 मिमीला चित्राच्या निम्म्याला थोडी कमी. तेवढा पल्ला मोठ्या लेन्समधून मिळवायचा तर लाखोंचा खर्च आणि हमालीचं वजन.

किंमत मोजावी लागते ती सेन्सरच्या आकारात. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम 28 चौरस मिलिमीटरचा असतो. साध्या एपीएस-सी डीएसएलआरचा त्याच्या तेरापट. लहान सेन्सरला उजेड कमी मिळतो, त्यात पूर्ण झूमला भिंग एफ/6.5 किंवा एफ/8वर येतं, आणि मग सावलीतला पक्षी रवाळ, पुसट निघतो. उडता पक्षी या कॅमेऱ्यांना जवळजवळ पकडताच येत नाही. पी 900 एका दमात सात फोटो काढतो आणि मग ते साठवेपर्यंत थांबून राहतो. नेमक्या त्या वेळी मीनखाई पाण्यावर झेपावते. पी 900मध्ये रॉ फाइलही मिळत नाही, पी 950 आणि पी 1000मध्ये मिळते. म्हणून असा सुपरझूम कॅमेरा हा सकाळच्या उन्हातल्या, बसलेल्या, दूरच्या पक्ष्यासाठी आहे असं समजून घ्यावा. भिगवणच्या चिखलावर, खाडीच्या बांधावर, माळावरच्या खांबावर बसलेल्या शिकारी पक्ष्यासाठी तो उत्तम. ताम्हिणीच्या रानात तो निराश करतो.

आपल्याकडे पक्षिनिरीक्षक ज्याला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात, म्हणजे सुंदर नसलेला पण ओळख पटवणारा फोटो, त्याची किंमत मला फार वाटते. ई-बर्डसारख्या ठिकाणी दुर्मीळ पक्ष्याची नोंद केली की पुरावा मागतात. चोचीची लांबी, डोळ्यावरची भुवई, पंखावरचा पट्टा एवढं दिसलं तरी पुरतं. पाय दिसत असतील तर ते आवर्जून घ्यावेत. असे फोटो दहा वर्षं साठवत गेलेल्या एखाद्या शिक्षकाच्या हार्ड डिस्कमध्ये त्या तळ्याचा इतिहास असतो, आणि तो सुपरझूम कॅमेऱ्यानेही लिहिता येतो.

ज्यांना उडते पक्षी आणि झाडीतले पक्षी नीट टिपायचे आहेत त्यांनी आज जुन्या डीएसएलआरकडे वळावं. 2018नंतर कॅनन आणि निकॉन दोघेही मिररलेसकडे गेले, आणि हौशी लोकांनी आपले चांगले चाललेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स विकायला काढल्या. कॅननची 400 मिमी एफ/5.6 ही 1993ची लेन्स अजूनही अतिशय धारदार आहे, वजन सव्वा किलो. तिच्यात स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे शटर वेगवान ठेवावं लागतं. उडत्या पक्ष्यासाठी ते तसंही ठेवावंच लागतं. सिग्मा आणि टॅमरॉनच्या 150-600, निकॉनची 200-500 या झूम लेन्सही वापरलेल्या मिळतात, पण त्या दोन-सव्वादोन किलोच्या आसपास आहेत. सिंहगडाच्या दरीत दिवसभर ती गळ्यात बाळगता येईल का, हे आधी कुणाची तरी लेन्स उचलून बघावं. मिररलेसच घ्यायचा असेल तर कॅननची आरएफ 100-400 फक्त 635 ग्रॅमची आहे आणि नवीनही परवडण्याजोगी आहे. एफ/8पर्यंत जाणारं भिंग सावलीत कमी पडतं, पण वजनामुळे ती रोज सोबत येते. लेन्स निवडताना रोज सोबत येणं हा गुण मी वरच्या क्रमांकावर ठेवतो.

स्कोपबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. युरोपातल्या पाणथळींवर प्रत्येकाच्या खांद्यावर स्कोप असतो, आपल्याकडे दहा कॅमेऱ्यांमागे एखादा. मला याची खंत वाटते. टिलव्यांचे पाय, कुरवांच्या चोची, पाण्याच्या मधोमध झोपलेल्या बदकांची पिसं यांचा तासन्तास अभ्यास करायचा तर स्कोपला पर्याय नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे तितका वेळ कुणी बघत नाही. शिवाय स्कोप एकट्याचा नसतो. रांगेत उभी राहून शाळेतली चाळीस मुलं एकाच स्कोपमधून चित्रबलाक बघू शकतात. त्यासाठी तिरक्या आयपीसचा स्कोप घ्यावा. तो खाली लावता येतो, लहानमोठ्या उंचीच्या सगळ्यांना वाकून बघता येतो, आणि ट्रायपॉड फार उंच करावा लागत नसल्यामुळे हलतही कमी. सरळ आयपीसचा स्कोप गाडीतून बघणाऱ्यांच्या सोयीचा.

स्कोपवर 20-60x80 लिहिलेलं असलं तरी 60 पटीला भुलू नये. 80ला 60ने भागा. 1.3 मिलिमीटर उरतात. चित्र अंधारं होतं. आणि आपल्याकडे दहा वाजले की पाण्यावरची, वाळूवरची हवा तापून थरथरू लागते. मग 40च्या वर कितीही पट लावा, पक्षी लाटेखाली असल्यासारखा दिसतो. ही झळ जगातलं कोणतंच भिंग काढू शकत नाही. त्यामुळे 60 किंवा 65 मिमीचा, 15-45 पटीचा, चांगल्या भिंगांचा लहान स्कोप हा कमी पैशांत उत्तम पर्याय आहे. वाचलेले पैसे ट्रायपॉडला द्यावेत आणि सूर्योदयाला पाण्यावर हजर राहावं. फोटो हवा असेल तर फोन आहेच. 1999मध्ये मलेशियातल्या लॉरेन्स पो यांनी स्कोपच्या आयपीसला एक छोटा डिजिटल कॅमेरा लावून पाहिला आणि त्यातून डिजिस्कोपिंगची पद्धत जगभर गेली. आज तेच काम स्कोपला फोन धरून ठेवणारा स्वस्त अॅडॅप्टर करतो. फोनची इतर भिंगं सोडून मुख्य भिंगच आयपीसच्या मध्यावर बसवायचं, आणि बटणाला हात न लावता टायमरने किंवा इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो घ्यायचा.

आता ट्रायपॉड, जो सगळे शेवटी घेतात आणि ज्यावर सगळ्यात कमी खर्च करतात. चाळीस पटीच्या स्कोपखाली केसाएवढी थरथर चाळीस पट होऊन डोळ्यात येते. लाखाचा स्कोप हजाराच्या ट्रायपॉडवर ठेवला तर तो हजाराच्या लायकीचाच उरतो. लग्नात दिसणारे पातळ पायांचे, प्लास्टिकच्या हेडचे ट्रायपॉड फोनसाठी आहेत, स्कोपसाठी नाहीत. घेताना पाहायचं ते असं. मधली दांडी पूर्ण खाली असताना तो आपल्या डोळ्यांच्या जवळपास यावा, कारण दांडी वर काढली की तो काठीवर उभा केल्यासारखा डुलतो. पायाचा शेवटचा, सगळ्यात बारीक भाग बोटाएवढा बारीक असेल तर नको. सामानाच्या वजनाच्या निदान दुप्पट भार पेलेल असा असावा. कार्बन फायबर हलका आणि महाग, अॅल्युमिनियम जड आणि स्वस्त, आणि भक्कमपणात अॅल्युमिनियम मागे नाही. खांद्याला वजन पेलत असेल तर इथे निम्मे पैसे वाचतात.

हेडकडे तर कुणी बघतच नाही. फोटोग्राफर वापरतात ते बॉल हेड स्कोपला गैरसोयीचं. थोडं सैल केलं की स्कोप पुढे कलंडतो. स्कोपला हवं व्हिडिओ हेड, एका दांड्याने वर-खाली आणि आडवं सावकाश फिरणारं. आपल्याकडे हे स्वस्तात मिळण्याची एक जागा आहे: लग्नाचं शूटिंग करणारे व्हिडिओग्राफर. जुन्या जड कॅमेऱ्यांसाठी घेतलेले त्यांचे ट्रायपॉड आज पडून असतात, आणि त्यांवरची हेड्स अजून मुलायम फिरतात. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत चौकशी करून पाहावी. मोठ्या लेन्ससाठी गिंबल हेड छान, पण तो पुढचा खर्च. भिगवणला होडीत बसणार असाल तर ट्रायपॉड किनाऱ्यावरच ठेवा. होडी डोलते, तिच्यासोबत ट्रायपॉडही डोलतो. तिथे 8 पटीची दुर्बीण आणि स्टॅबिलायझर असलेला कॅमेरा हातात धरलेला बरा. आक्षीसारख्या ठिकाणी खाऱ्या वाळूत पाय रोवले असतील तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, पाय उघडे ठेवून वाळवायचे. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात लॉक उघडत नाहीत.

लांब पल्ल्याने एक गोष्ट सोपी केली की लोक ती आणखी जवळून करू लागतात, हेही या काळात दिसलं. घरट्याचे फोटो हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. अंड्यांवर बसलेली मादी माणूस जवळ आला की उठते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी दहा मिनिटं उघडी राहिलेली अंडी शिजल्यासारखी होतात. आडव्या फांद्या छाटून ‘स्वच्छ’ फोटो काढला तर कावळ्याला घरट्याची वाट मोकळी होते. पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बोलावणं विणीच्या काळात मी चुकीचं मानतो. पुढच्या पानांत साधनांचा विचार करताना पक्ष्याला त्रास न देण्याची अट सगळीकडे धरली आहे, आणि तिच्याबद्दल या पुस्तकात कुठेही सूट दिलेली नाही.

किमती मुद्दाम छापलेल्या नाहीत. छापून होईपर्यंत त्या बदलतात. वापरलेलं सामान कसं पारखायचं हे मात्र सविस्तर दिलं आहे, कारण परवडणारं बहुतेक सामान तिथेच आहे, मग ते मुंबईतल्या फोर्टच्या बोरा बाजारात असो वा ओळखीच्या माणसाकडे. आपल्याकडे पहिली भीती बुरशीची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या लेन्सवर बुरशी हमखास येते. टॉर्च लेन्सच्या मागून तिरपी धरून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, किंवा सगळ्या काचेवर पसरलेला दुधाळ पडदा दिसला तर किंमत कितीही कमी असो, परत द्या. थोडी धूळ चालते. कॅमेरा घेत असाल तर शटर किती वेळा उघडलं आहे तो आकडा विचारा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, जेल जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तापवून कोरडं करा, आणि पाऊस असला तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा.

दुकानात दुर्बीण किंवा स्कोप काउंटरवरच्या पिवळ्या दिव्याखाली पाहून पसंत करू नका. दुकानदाराला विचारून दारात या. समोरच्या रस्त्यावरची दूरची पाटी निवडा आणि तिची अक्षरं मधोमध, मग कडेला आणून वाचा. तारेवर बसलेला कावळा आभाळाच्या पार्श्वभूमीवर पाहा. त्याच्या काळ्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर किती उमटते ते तपासा. दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटं सलग बघा. कपाळ दुखू लागलं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, दुसरा नग मागा. ट्रायपॉड पूर्ण उघडून हेडवर हलकी टिचकी मारा आणि स्कोपमधून बघत थरथर थांबायला किती वेळ लागतो ते पाहा. आणि त्याआधी, शक्य असेल तर, एका हिवाळी सकाळी भिगवणला किंवा जवळच्या तळ्यावर जा. तिथे स्कोप लावून बसलेल्याला विचारलंत तर तो बाजूला सरकून बघू देईलच.